वाऱ्याला न जुमानणारी पेटी

मी, नेद्याल्का त्रायकोवा कारादेनोवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार स्लिवेन, व्यवसाय पत्र्याच्या पेट्यांचे आराखडे काढणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझं डोकं फिरलंय असं माझे धाकटे दीर झाहारी गावभर सांगतात. फिरलं असतं तर कारखाना त्यांनाच विकला असता.

कलम १. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक मुलगा क्रासेन याला. कायद्याने त्याचा जो वाटा, तो त्यात पुरेपूर येतो.

कलम २. कारखाना, पत्रा वाकवायचं मशीन, कात्र्या व माझे सर्व आराखडे गाल्या हिला. ती क्रासेनची घटस्फोटित बायको आहे, हे मला ठाऊक आहे. "आई, ती आता आपली कोण लागते?" असं तो विचारतो. अरे, तिने नवरा सोडला, मशीन नाही सोडलं! तुला काकाला विकून मोकळं व्हायची घाई. ती आजही प्रत्येक पेटी आधी पुठ्ठ्याची करून बघते, मगच पत्र्याला हात लावते.

कलम ३. झाहारीभावजींना काहीही नाही. आमच्याकडे थडग्यावर मेणबत्तीसाठी पत्र्याची पेटी ठेवतात, आणि वारा तर स्लिवेनचा, जोरासाठी बदनाम. नवरा गेला तेव्हा मी त्याच्यासाठी पेटी आखली. हवा मागच्या दुहेरी भिंतीतून खालून आत येते, झाकणाखालून बाहेर जाते. कडा दुमडलेल्या, कुणा विधवेचं बोट कापू नये म्हणून. भावजींनी बाहेरून बघून नक्कल मारली. हवेची भोकं घडीला चिकटून पाडली. पत्रा वाकवताच ती फाकली, दार धड बसेना. "वहिनी, पेटी ती पेटी. मेलेल्याला काय कळतंय?" मेलेल्याला नसेल कळत. कोटाआड काडी धरून पुन्हापुन्हा पेटवणाऱ्या बाईला कळतं.

कलम ४. माझ्या थडग्यावर गाल्याने केलेलीच पेटी ठेवावी. ती तयार आहे. गाल्या म्हणाली, "आई, तुमच्या आराखड्यात दार डावीकडे उघडतं, वारा उजवीकडून आत घुसतो. मी उजवीकडे केलं. उघडलं की दारच आडोसा होतं." आधी मला असा राग आला! मग तिचं कौतुक वाटलं, आणि त्याच दुपारी हे लिहायला बसले.

कलम ५. माझ्या चाळिसाव्या दिवसाला भावजी आपली पेटी घेऊन येतीलच. येऊ द्या. दोन्ही शेजारी ठेवा, उकडलेले गहू वाटा, फळांची दारू, राकिया, ओता. मेणबत्त्या क्रासेननेच लावाव्यात. कुठलीही विझली तरी कारखाना गाल्याचाच. पण बाळा, तिच्या पेटीचं दार लावताना तुझं बोट कापलं नाही, तर तिला "छान केलीस" म्हण. संसारात एकदाही म्हणाला नाहीस. निदान माझ्या थडग्यापाशी म्हण, मी ऐकत असेन.

सही: ने. त्रा. कारादेनोवा

साक्षीदार:
१. तोदोर्का पेन्कोवा, शेजारीण, माझ्या पेटीची गिऱ्हाईक
२. स्ताम्यान इल्चेव, झाहारींच्या पेटीचे गिऱ्हाईक, एकदाच

स्लिवेन, ११ नोव्हेंबर २०१९. बाहेर वारा सुटलाय.