काचेचा रंग

मुळशी, रविवार, मे १९६१

आज शांताचं तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर खिडकीची काच काढली.

मीच बसवली होती ती. पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर चढवायचं माझं काम. उजेड आत येतो, उन्हाची धग बाहेर राहते. एक तुकडा कडेला खरवडला गेला म्हणून प्रयोगशाळेतले लोक टाकून देणार होते. तो शांतासाठी मागून आणला. पश्चिमेच्या खिडकीशी ती शिवायला बसायची. आत उजेड मात्र हिरवट-पिवळा पडायचा.

दर शनिवारी घरी यायचो. एकदा आई म्हणाली, "सूनबाई पिवळी दिसतीया रं. डोळं बी." मी हसलो. म्हटलं, काचेचा रंग आहे तो. मोठा शहाणा! पुढे शेजारणीनं विचारलं, तेव्हा शांताच म्हणाली, "न्हाई वो, काचंचा रंग हाय. ह्यांनी सांगितलंय."

कावीळ. डॉक्टरांनी नुसतं बघून ओळखली, पण फार उशीर झाला होता.

काचेचा रंग म्हणे! शनिवारी मी यायचो तेव्हा ती अंगणात उभी असायची, वाटेकडे डोळे लावून. तिथंही पिवळीच दिसायची ना? अंगणात कुठली आली काच?