दाढेचं पथ्य आणि धबधब्याची वाट

कर्जत, मंगळवार

चि. अनुपम यास नानाचे आशीर्वाद (वाढदिवसाचे राहून गेले होते, तेही यातच धर). इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरातलाच झालाय. तुझं पित्त कसं आहे? रात्रीचं दही बंद कर. फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. पण मी फोनवर बोललो की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून अर्धं ऐकते आणि उरलेलं अर्धं बिनचूक जुळवते. मेसेज लिहावा, तर मराठी अक्षरं कशी उमटवायची तेही तिलाच विचारावं लागतं. म्हणून कागद.

तर तुझी तनया शुक्रवारी पुण्याहून आली आणि म्हणाली, काका, तुमचा तो कशेळ्याच्या वरचा धबधबा मला दाखवा. या धबधब्याचं प्रकरण तुला ठाऊक नाही. लग्नाआधी मी दर वर्षी एकटा तिथे जायचो. लग्नानंतर उमानं तीनचारदा विचारलं, मला कधी नेणार? तेव्हा मी सांगून टाकलं की दरड आली आणि वाट गेली. (दरड वगैरे काही नव्हती. कचेरीत साहेबाच्या आणि घरी सगळ्यांच्या हुकमात राहणाऱ्या माणसाला एक जागा आपल्या एकट्याची असावीशी वाटली, एवढंच. लाज वाटते, पण खरं ते खरं.) त्याला एकोणतीस वर्षं झाली. अजूनही घाटात दगड येऊन रस्ता बंद झाला की ती बिचारी "तुमच्या धबधब्यासारखंच झालं" म्हणून हळहळते.

आता एवढ्या वर्षांनी वाट परत आली असं कसं सांगणार? म्हणून शनिवारी सकाळी मी गाल धरून बसलो. दाढ ठणकतेय, खोपोलीच्या डॉक्टरांकडे जातो, तनया सोबत येईल, असं सांगून निघालो आणि उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसलो. कशेळ्याच्या पुढे उतरून वरच्या वाडीपर्यंत चढलो. मी भूमापनात तीस वर्षं काढलेला माणूस, अख्ख्या तालुक्याचे बांध मोजलेत. पण झाडी इतकी माजली होती की ओळखीचं काही दिसेना. वाडीत सोनुबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आसंच जा सरळ. आंब्याच्या फुडं वाट लागंल."

तनया माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, आपली वाट लागणार हे आजींना आत्ताच कसं कळलं?" मी तिला समजावलं की वाट लागते म्हणजे वाट सापडते. (तुम्ही पोरीला मराठी शिकवलंत की नाही?)

आंब्याच्या पुढे तीन वाटा लागल्या. मी अनुभवाच्या जोरावर मधली धरली. ती गुरांची निघाली. थेट एका भातखाचरात जाऊन संपली आणि मी त्यात गुडघ्यापर्यंत गेलो. बाहेर आलो तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. तनया हात द्यायचं सोडून व्हिडिओ काढत होती. तेवढ्यात सोनुबाई मागून आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय रं बाबा, लागली का नाय वाट?"

"लागली," मी म्हणालो.

"पुरती लागली," तनया म्हणाली.

मग सोनुबाईंनीच पुढे होऊन नेलं. अर्ध्या तासात पोचलो. धबधबा लहानसाच रे, दोन पुरुष उंचीचा, खाली कमरेएवढं पाणी, आसपास चिटपाखरू नाही. मी कपड्यांसकट खाली जाऊन उभा राहिलो. पाणी डोक्यावर पडलं आणि एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं हे एकट्यानं धरून ठेवून मी काय मिळवलं? काहीतरी ओरडलोही, पण त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसणार.

घरी आल्यावर डॉक्टरांनी दाढ काढली म्हणून सांगितलं. चिखल कसला, एक चप्पल कुठे गेली, उमानं काही म्हणून विचारलं नाही. चार दिवस मऊ भात, एवढंच जाहीर केलं. आज चौथा दिवस. काल तिनं माझ्यासमोर बसून मक्याचं कणीस भाजून खाल्लं, मीठ-लिंबू लावून.

तब्येतीला जप.

तुझा,
नाना

ता. क. मुख्य मुद्दा राहिला. तनयानं तो व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा टाकलाय. चिखल, चप्पल, सगळं असू दे. पण त्यात ती सोनुबाईंना विचारते, दरड येऊन वाट गेली होती ना? आणि त्या हसून सांगतात, "कुटली गं दरड? वाट जाती कुटं? हाय तितंच हाय." एवढं वाक्य तिला काढायला सांग. उमानं बघायच्या आत. पोरगी माझं ऐकत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटत नाहीये. उमाकडून डिंक घेऊन येतो.

अनुपम भाऊजी, मी उमा लिहितेय. डिंक मीच लावते म्हटलं, तर नाही म्हणायची ह्यांची हिंमत झाली नाही. व्हिडिओ तनयानं मला शनिवारी संध्याकाळीच पाठवला होता, हे घरी पोचायच्या आधी. त्यातलं एकही वाक्य काढायला सांगू नका. धबधब्याखाली उभे राहून हे काय ओरडले ते ह्यांनी लिहिलेलं नाही. "उमे, बघ गं!" असं ओरडलेत. मला नीट ऐकू आलं. चारदा लावून ऐकलं. गुरुवारी मी शेजारच्या रजियाला घेऊन सोनुबाईंकडे जातेय. ह्यांनाही नेलं असतं, पण नुकती दाढ काढलेल्या माणसानं डोंगर चढू नये.