बिनशाईचा शिक्का

ता. ३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इथे धंदा काढून राहायचं तर तीन प्रकारचे व्हिसा आहेत. पहिला भांडवलवाल्यांचा, ते दार आपल्यासाठी नाही. दुसरा नव्या कल्पनेचा. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, तुमच्या धंद्यात नवीन काय? म्हटलं, मी जुनी पुस्तकं पुन्हा बांधते. त्या हसल्या, मग मीही हसले. तिसरा कारागिरांचा. त्याला दहा वर्षं काम केल्याचा अस्सल दाखला लागतो. छापखान्याच्या मालकांनी दिलेला बाबांच्या पेटीत आहे. छापखाना बंद, मालकही गेले, म्हणजे तो एकच. दुकानाच्या नोंदणीचे कागदही पाठव. वीस एप्रिलच्या आत पोचले नाहीत तर मला इथे राहता येणार नाही.

जागा पाहिली आहे. खिडकीखाली शिलाईची चौकट अगदी बरोबर बसते. गोळ्या चुकवू नकोस.

तुझी,
छकुली

ता. २१ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तिशी उलटली तरी सही छकुलीच! असो. कागद पाठवते आहे. पेटी उघडली तर वरच तुझ्या बाबांचा चष्मा. तो बाजूला ठेवायला अर्धा दिवस गेला.

कागद सगळे लहानमोठे, कडा कुरतडलेल्या. असे सुटे पाठवले असते तर लोक म्हणाले असते, बाइंडरच्या घरीच पानं मोकळी. म्हणून सगळे शिवून पुठ्ठ्यात बांधले, कण्याला कापड लावलं, तिन्ही कडा कापून एकसारख्या केल्या. बाबांचा सुरा अजून लोण्यातून जावा तसा चालतो. दाखल्याचा एक कोपरा चेपून फुगला होता, तोही त्यात गेला, बरं झालं.

शिवण्याआधी पानन् पान वाचलं. मी वाचायला शिकले ती घडी घालायला आलेल्या छापील तावांवर, फर्म्यांवर. एका पुस्तकाचे सगळे फर्मे क्वचितच माझ्याकडे यायचे, त्यामुळे कितीतरी गोष्टींचे शेवट मला आजही ठाऊक नाहीत. तुझा दाखला मात्र शेवटपर्यंत वाचला. दोनदा.

पहिलं पुस्तक कोणतं बांधलंस ते कळव. वाट पाहते.

तुझी आई

ता. २८ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फाइल वेळेत पोचली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, म्हणाल्या, इतकं सुबक काम या टेबलावर कधी आलं नाही. अर्ज मात्र मंजूर झाला नाही. असं पुष्कळांचं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. शिवाय इथली हवाही मला मानवत नव्हती. मेअखेरीस परत येते. ती जागा एका न्हाव्याने घेतली.

सहज विचारते, कापलेल्या कडांची कातरण तू अजून ठेवतेस का? नसली तरी काही बिघडत नाही.

तुझी,
छकुली

ता. १४ मे

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. दोन वर्षांत एकदाही हवेबद्दल लिहिलं नाहीस, आणि आता एकदम ती मानवेनाशी झाली. वर कातरणीची सहज चौकशी.

पत्र घेऊन छापखान्यात खिळे जुळवायचे त्या म्हाताऱ्या जुळाऱ्याकडे गेले. ते म्हणाले, मालक दाखल्यावर शाईचा शिक्का मारतच नसत. कोपऱ्यात यंत्राने दाबून उठवत. मी म्हटलं, तो कोपरा मी कापला. त्यांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, वहिनी, तो जोडून चालत नाही हो.

चाळीस वर्षं कागद हाताळले, आणि बोटाखाली आलेला शिक्का मला खराबी वाटला. तुझ्या बाबांनी आधी विचारलं असतं, हे काय आहे म्हणून.

कोपरा सापडला. वाचत होते त्या पुस्तकात खूण म्हणून तोच घातला होता. डोळे मिटून बोट फिरवलं, तर एकेक अक्षर लागलं. पण तुझी तारीख गेली.

फाइल घेऊन ये. टाके मी उसवीन, भोकं राहतील. वाचत होते ते पुस्तक तिथेच मिटलं आहे. त्याचाही शेवट आता नको.

रागावली असशील तर राग घेऊनच ये. लोभ आहे तो असू दे.

तुझी आई