हनुवटीवरचे तीन ठिपके

भामरागड, १० मार्च १९८४

माझ्या मायले हरिदासचा जय भीम.

इथी बांबूच्या डेपोवर काम बरं चाललं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? गुलाब, पुढचं मायले हळू वाचून दाखव.

माय, मी कपाळावर अन् गालांवर गोंदून घेतलं. जिच्याशी लग्न करीन म्हणून मागं लिहिलं होतं, त्या माडिया जमातीच्या मैनीचं तोंड तसंच गोंदलेलं आहे. अहेरीच्या बाजारात एक जण तिले हसला, मी त्याची कॉलर धरली. ती म्हणे, "किती जणांशी भांडशील? तुझ्या तोंडाकडे कोणी असं पाह्यलं का कधी?"

पहिल्याच सुईले मी ओरडलो. गोंदणारी म्हातारी गाणं थांबवून बोलली, "उठला तर अर्धाच राहशील." कॉलेज अर्ध्यात सोडलं, हे नाई सोडलं. मग दोन दिवस ताप होता. बाहेर मोहफुलं टपटप पडत होती अन् मले वाटे, तुझ्याच मांडीवर आहो.

आता बाजारात लोक मलेही वळून पाहतात.

लहानपणी तुझ्या हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवल्याशिवाय मले झोप येत नव्हती. येत्या बुद्धपौर्णिमेले आम्ही दोघं चिमूरले घरी येणार आहो. एस्टीतून उतरलो की आधी आमच्या कपाळावर हात ठेव. मग काय बोलायचं ते बोल.

तुझाच,
हरिदास