पाऊण सीपीए

३ जानेवारी, सकाळी ७
सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सीए, व्हायला चार पेपर. तीन खिशात. राहिलं फक्त ऑडिट. म्हणजे मी पाऊण सीपीए झालोच आहे. बाबांचा नियम असा की घरात एका वेळी एकाचंच शिक्षण, म्हणून धाकटी बहीण दोन वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी आहे. तिला सांगितलं, फेब्रुवारीत मी मोकळा, मग तुझी ॲडमिशन. म्हणाली, दादा, नक्की ना? घरच्यांचाच विश्वास नाही!

१९ जानेवारी
टाइमटेबल आखलं. चार रंगांत. फारच देखणं झालंय. दमलो. अभ्यास उद्यापासून.

९ फेब्रुवारी
परीक्षा एप्रिलवर ढकलली. अर्धवट तयारीनं बसणं म्हणजे विषयाचा अपमान. आई म्हणाली, विषयाचं राहू दे, पोरीचा विचार कर. आईला ऑडिट कळत नाही.

२ एप्रिल
पुन्हा ढकलली. आता वीस मे. जुन्या खुर्चीनं कंबर धरली होती. नवी आणली, तर तिच्यात झोप लागते.

कानामागे सतत पेन्सिल खोचणारा कॉलेजातला मित्र, पेन्सिल, भेटला. म्हणाला, पहिला पेपर सुटल्यापासून अठरा महिन्यांत चारही सुटले पाहिजेत, नाहीतर पहिला बाद. नीट मोजलेस ना? मला मोजायला शिकवतो! पहिल्याचा निकाल गेल्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरअखेर आला, म्हणजे मुदत या मेअखेर. दहा दिवस हातात राखून आहे.

१ मे
धाकटीनं नोकरी सोडली, कॉलेजचा फॉर्म आणला. मी मोठ्या मनानं माझं पेन दिलं.

२० मे, दुपारी
पेपर सोपा. उगाच घाबरलो. म्हणजे घाबरलो नव्हतोच.

११ जून
ऑडिट सुटलं! सोबत दुसरं पत्र. पहिला पेपर रद्द. मुदत पहिला पेपर दिला त्या दिवसापासून धरतात, म्हणजे आठ मेलाच संपली. मी निकाल हातात आला तिथून मोजत होतो. व्यवहार घडला त्या दिवशी नोंदवायचा, पैसे हातात आले त्या दिवशी नाही, हे तर अकाउंटिंगच्या पहिल्याच धड्यात आहे. रद्द झालेल्या पेपरात याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते.

बाबांनी धाकटीचा फॉर्म कपाटात ठेवला. मी तासभर सबब शोधली, एकही सापडेना. लाज वाटली, खरोखरची.

धाकटी चष्म्याच्या दुकानात फोन लावून विचारत होती, माझी जागा अजून भरली नसेल तर सोमवारपासून येऊ का?