कुरणपाखाडीला संदर्भ हवा

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या इमारतीच्या लिफ्टविरुद्ध मी आज समस्त मानवजातीच्या वतीने तक्रार नोंदवतो. दार घट्ट बंद असतानाही आतली बाई शेवटच्या मजल्यापर्यंत बजावत राहते, की कृपया दार बंद करा. मी दार उघडून पुन्हा लावलं, मोठ्याने माफी मागितली. बाईंचं समाधान नाही. बाकी मुंबईतलं हे नाहूर झकास. हॉलमध्ये ऊन येतं, खाली बरा चहा मिळतो, आणि वर्तमानपत्रातलं माझं विनोदी सदर इथूनही पाठवता येतं.

आणखी आनंदाची गोष्ट: आजपासून मी खुलाकोशाचा मध्यस्थ. खुलाकोश म्हणजे इंटरनेटवरचा असा ज्ञानकोश, जो कोणीही लिहावा आणि कोणीही खोडावा. लिहिणारे आणि खोडणारे एकमेकांच्या नरड्याला लागले, की मध्यस्थाने मधे पडायचं. पगार नाही, मान नाही, शिव्या मुबलक. आमचे प्रबंधक चंद्रप्रकाश फोनवर म्हणाले, यार, तुझ्यासारखाच माणूस हवा होता, कुणाचाच नसलेला. मी ते कौतुक समजलो.

५ नोव्हेंबर

पहिला तंटा, तोही माझ्याच घरामागच्या कुरणपाखाडीचा. ‘पाखाडीची मॉनिका’ या नावाने एक बाई लिहितात: जुनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती, पाच-सात घरं, मधे दगडी क्रूस. ‘नकाशेवाला’ नावाचा कुणी ते खोडतो आणि दर वेळी एकच शेरा मारतो: छापील संदर्भ हवा. हा कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. पण नियमाने तो बरोबर आहे. आमच्याकडे एखादी गोष्ट खरी आहे का, हा प्रश्नच नसतो. ती कुठे छापून आलीय, एवढंच विचारायचं.

८ नोव्हेंबर

मॉनिकाबाईंनी जेवायला बोलावलं. मध्यस्थाने जाऊ नये, मी गेलो. इमारतीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की पाखाडीच. लाकडी जिन्यांची घरं, वाळत घातलेल्या मिरच्या, क्रुसाला ताजा झेंडू. बाईंचा भाऊ व्हर्नन रोज सकाळी हार घालतो. फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि त्यांच्या बॉटल मसाल्यातली कोंबडी असं जेवण, की मी तीनदा वाढून घेतलं.

मग बाई म्हणाल्या, पाखाडीत विहीर होती. गेल्या वर्षी नकाशेवाल्याने कोशातून विहीर खोडली, आणि विहीर गेली. मी म्हटलं, पालिकेने बुजवली असेल. त्या म्हणाल्या, अरे बाबा, बुजवली तर खूण राहते ना! शेजाऱ्यांना विचार, म्हणतात कसली विहीर. आता उरली ती घरं. तू बघितलंस, तू जेवलास, तेवढी एक ओळ लिही.

मी त्यांना समजावलं की मध्यस्थाचे डोळे हा संदर्भ होत नाही. बाई म्हणाल्या, मग कशाला घेऊन फिरतोस ते?

बाई तल्लख आहेत. थोड्या भ्रमिष्टही असाव्यात.

११ नोव्हेंबर

निवाडा दिला. क्रुसाचा फोटो बाईंनी स्वतःच काढलेला, म्हणून बाद. क्रूस वगळावा, घरं तूर्त ठेवावीत. दोन्ही बाजूंनी मला शिव्या घातल्या. मध्यस्थाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. चहाबरोबर दोन खारी जास्त खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर

सकाळी मागच्या फाटकातून गेलो. क्रूस नाही. तोडलेला नाही, उखडलेला नाही. तिथे गवत आहे, जुनं, मुळं धरलेलं.

व्हर्नन झेंडूचा हार हातात घेऊन उभा होता. मी विचारलं, कुणासाठी. तो हसला, म्हणाला, तेच आठवत नाहीये. सकाळी उठून हार तर आणला.

१३ नोव्हेंबर

क्रुसाची ओळ मी परत घातली. नकाशेवाल्याने काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. चंद्रप्रकाशचा फोन आला. मध्यस्थच बाजू घ्यायला लागला तर वाट लागली ना यार, म्हणाले. मी क्रुसाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, संदर्भ आहे का?

माझं पद काढून घेतलं. घरांबद्दलची चर्चा २२ तारखेच्या शनिवारी ते स्वतः बंद करणार.

मॉनिकाबाईंना काय सांगू? चर्चची जुनी पुस्तकं आहेत म्हणाल्या, पण ती हाताने लिहिलेली. आमच्याकडे चालत नाहीत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. अजून ‘आमच्याकडे’ म्हणतो मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुचलं कसं नाही आधी! माझं सदर छापील असतं. आजच्या सदरात आख्खी कुरणपाखाडी घातली: घरं, क्रूस, विहीर, कोंबडी. दुवा कोशात डकवला. मॉनिकाबाईंनी फोन केला. रडत होत्या की हसत, कळलं नाही. म्हणाल्या, पोरा, वाचवलंस बघ.

१८ नोव्हेंबर

नकाशेवाल्याचा शेरा: विनोदी लेखन संदर्भ म्हणून ग्राह्य नाही.

वीस वर्षं मी कुणालाही न सोडता लिहिलं. लोक म्हणायचे, याचं काही मनावर घ्यायचं नसतं. मला ते आवडायचं.

त्याखाली दुसरा शेरा आहे. ‘या लेखकाविषयी स्वतंत्र छापील संदर्भ हवा.’

२२ नोव्हेंबर

चर्चा बंद. घरं वगळली.

मागचं फाटक नाही. भिंत आहे, तिच्यावर शेवाळ. पलीकडे रान. मिरच्यांचा वास मात्र — नाही, तोही नाही.

बाईंचा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. चंद्रप्रकाशना विचारलं. कोण मॉनिका, म्हणाले. मग, जरा अवघडून — आपण कोण बोलताय?

२३ नोव्हेंबर

रविवार. माझ्या सदराच्या जागी आम्लपित्ताच्या चूर्णाची जाहिरात. संपादकांना फोन केला. इथे कधीच सदर नव्हतं, म्हणाले. सभ्यपणे म्हणाले.

वॉचमनने अडवलं. कुणाकडे जायचंय, म्हणून. मी मजला सांगितला. तो फ्लॅट रिकामा आहे, म्हणाला —

२४

खुलाकोशात शिरता येत नाही. या नावाचा सदस्य नाही.

किल्ली अजून लागते. आत सामान आहे. थोडं. पुस्तकांवरचं माझं नाव —

कुणाला बोलवू? कुणाचाच नसलेला माणूस हवा होता त्यांना.

बहुधा २५

ऊन येतंय हॉलमध्ये. जमिनीवर खिडकीच्या गजांची सावली आहे. मधे मी उभा आहे, आणि गजांची सावली सलग —

बाईंनी एकच ओळ मागितली होती. मी नियम सांगितला, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. कोशात लिहू देत नाहीत. इथे लिहितो. कुणी वाचो न वाचो, ती ओळ त्यांची आहे.

कुरणपाखाडी आहे. घरं आहेत, क्रूस आहे, विहीरही असणार, कारण मॉनिकाबाई म्हणाल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तिथे जेवलो. छापील संदर्भ नाही. साक्षीला मी आहे. खाली सही करतो —

मी,