बंदीतला आराम

रत्नागिरी, गुरुवार, २१ ऑगस्ट

१. संध्याकाळी बाबांच्या पायांची ताकद तपासली.
२. डाव्या पायाचा अंगठा वर उचलता आला नाही. जूनमध्ये येत होता.
३. निघताना त्या पायातली चप्पल उंबऱ्यातच निसटली. त्यांना कळलंही नाही.

मणक्याची गादी सरकलेली. पावसाळी मासेमारी बंदीत मी रोज व्यायाम करून घेतले, कळ थांबली. बाबा मिरकरवाडा बंदरात सांगत सुटले, "आमच्या फिजिओनं गादी जाग्यावर बसवली!" मलाही पटलं. पण आराम व्यायामानं पडला, की बोट किनाऱ्याला होती म्हणून? हंगाम सुरू झाला, जाळं ओढलं, आणि सगळं परत आलं.

"आणखी एखादा व्यायाम दे गो."

"आता व्यायाम नाही बाबा. पायाची नस दबतेय. सर्जन."

"म्हणजे तू हरलीस?" हसले आणि बोटीवर गेले.

हो, हरले. आता ऑपरेशन केलं तरी अंगठा उचलता येईल का? खात्री नाही. चप्पल अजून उंबऱ्यात आहे.

बोट सोडा, हे तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून मेसेज पाठवते: बाबा, बोट सोडून सर्जनकडे येणार का? रेंज आली की कळवा. शनिवारपर्यंत उत्तर हवं.